तोफेला नाव आहे, शिपायाला नाही

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की आपण पायाच्या अंगठ्याने कारिट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाच्या ताटावर बसतो. आपल्या पूर्वजांना गोडाधोडाचा तिटकारा होता म्हणून ही चाल पडलेली नाही. सणाच्या तोंडाशी थोडे कडू पोटात गेलेले बरे, एवढाच त्यातला शहाणपणा. पुढचा मजकूर वाचकांनी त्या कारिटासारखा समजावा. कडू लागला तर राग मानू नये; चकली-अनारसे त्याच ताटात आहेत.

दिवाळीची सुटी सरली आणि शाळा पुन्हा भरल्या की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. एस.टी.ची गाडी ठरते, पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या गोळा होतात, घरोघरी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधली जाते, आणि पहाटेच्या थंडीत कानटोप्या घातलेली पन्नास-साठ मुले आरडाओरडा करीत निघतात. या सहलींशी माझे वैर नाही. चार भिंतींत कोंडलेल्या मुलाला दोन दिवस बाहेरचा वारा लागतो, एवढ्यानेही सहलीचे पैसे वसूल होतात. माझे भांडण आहे ते सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली हटकून दिसणाऱ्या एका कलमाशी. ‘युद्धसंग्रहालयास भेट’ हे ते कलम. मुलांना युद्धाचा इतिहास प्रत्यक्ष दाखवावा, पुस्तकातला धडा डोळ्यांपुढे उभा करावा, हा त्यामागचा हेतू उत्तम आहे. पण त्या भेटीत जे दाखवले जाते ते युद्ध नव्हे आणि जे शिकवले जाते तो इतिहास नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय घडते तिथे? गाडी थांबते. मुलांच्या दोन रांगा होतात. “हात लावू नका, बोलू नका, रांग मोडू नका” ही त्रिसूत्री सांगितली जाते. मग रांग एका तोफेपाशी थांबते. तिचा पल्ला किती, वजन किती, ती कोणत्या साली बनली, हे पाटीवर लिहिलेले असते. मुले ते वहीत उतरवून घेतात. मग रणगाडा. त्याच्या पोलादाची जाडी किती, वेग किती. मग विमान, मग पदकांची पेटी. शेवटी सर्वांचा मिळून एक फोटो. परत आल्यावर ‘आमची सहल’ या विषयावर निबंध. त्यात रणगाड्याला एक वाक्य आणि रस्त्यातल्या भेळेला चार. मी असे निबंध शेकड्यांनी वाचले आहेत, आणि त्यात मुलांचा दोष नाही. भेळ त्यांना कळली, रणगाडा कळला नाही. तो कळावा असे तिथे कोणी काही केलेच नव्हते.

आपल्या पुष्कळ गावांतून चौकात जुना रणगाडा मांडून ठेवलेला असतो. अशाच एका चौकात शाळेची रांग थांबलेली मी पाहिली. शिक्षक वजन आणि वेग सांगत होते. तेवढ्यात पाचवी-सहावीतला एक मुलगा म्हणाला, “सर, याला आग लागली तर आतल्या माणसांनी बाहेर कसं यायचं?” सर म्हणाले, “वेळ नाही, पुढे चला.” रांग पुढे गेली. त्या दिवशी त्या चौकात इतिहासाचा एकच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचीच बोळवण झाली. वजन, वेग, पल्ला ही यंत्रशास्त्राची माहिती झाली. आत कोण बसले होते, तो तिथे का गेला होता, बाहेर आला का, नाही आला तर घरी कोण वाट पाहत होते, इथून इतिहास सुरू होतो. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना दुपारच्या जेवणापर्यंत साठ मुले मोजून पुढच्या ठिकाणी पोचवायची होती. दोष आहे तो सहल म्हणजे स्थळांची बेरीज असे मानणाऱ्या आपल्या पद्धतीचा.

ही खोड जुनी आहे. आपल्याकडे तोफांना नावे असतात. विजापूरची मलिक-ए-मैदान, जंजिऱ्याची कलाल बांगडी, देवगिरीवरची मेंढा तोफ. ही नावे सहलीहून परतलेले कोणतेही पोर धडाधड सांगेल. पण ती तोफ ओढणाऱ्या, ठासणाऱ्या, बत्ती देणाऱ्या आणि तिच्यापुढे उभे राहणाऱ्या एका तरी माणसाचे नाव विचारा. पोरच काय, मास्तरही गप्प बसतील. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाचेही तेच. मातीचे मावळे तो ओळीने मांडतो; वरती सिंहासनावर महाराज, खाली सगळे एकसारखे मावळे, एका साच्यातले, एका रंगाचे. खेळ म्हणून ते गोजिरे दिसते. पण शाळेनेही माणसांकडे साच्यातल्या मावळ्यांसारखेच पाहायचे असेल, तर शाळा कशाला हवी? किल्ला पुरे आहे.

कोणी म्हणेल, जुन्या काळच्या साध्या शिपायांची नावे आता मिळणार कुठून? घोडखिंडीत १६६० साली बाजीप्रभूंबरोबर पडलेल्या सगळ्या बांदलांची नावे आता कोण देणार? मान्य. पण मी पणजोबांच्या काळाबद्दल बोलतो आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांवर परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कर पंचवीस लाखांवर पोचले आणि सत्त्याऐंशी हजारांहून अधिक कामी आले. यात सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर, कोल्हापूर या मुलखातली किती घरे होती! साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे तर नावच ‘मिलिटरी अपशिंगे’ पडले; पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशावर आणि कोकणात अनेक गावांतून त्या युद्धाच्या आठवणीची दगडी पाटी आजही आहे. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत ती बसवलेली असते. तिच्यावर कधी चुन्याचा हात फिरतो, कधी नोटीस चिकटते. तिच्यावर मजकूर काय? या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपले. दोन आकडे. एक नाव नाही.

राज्यकर्ते परके होते, त्यांना आपल्या माणसांची काय पर्वा, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. परके होते हे खरेच, आणि त्यांनी काय केले तेही मुलांना सांगितले पाहिजे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढले. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस आलेल्या त्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत मराठा पलटणी होत्या. जे त्या देशात मेले आणि ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला एक भव्य स्मारक उभारले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या सोल्जरांची नावे आहेत, साध्या सोल्जरांचीही. हिंदी पलटणींच्या रकान्यात मात्र अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि खाली लिहिले, ‘आणि इतर हिंदी सैनिक’, पुढे आकडा. बाप मेला त्याचे नाव दगडावर नाही; तो ‘इतर’. पुढे २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने या भेदभावाची चौकशी करून अहवाल दिला, आणि ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात माफी मागितली. नावाने स्मरण न झालेल्या किंवा स्मरणच न झालेल्या आशियाई-आफ्रिकी मृतांची संख्या त्या अहवालाने किमान १ लाख १६ हजार सांगितली आहे.

यातला विरोधाभास पुढे ऐका. याच इंग्रजांनी १९१७ साली, युद्ध चालू असतानाच, लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम स्थापन केले. तोफा तर त्यांनी जमवल्याच. पण मेलेल्या माणसांचे फोटो पाठवा, अशी विनंती घरोघरच्या लोकांना केली आणि ते हजारोंनी जपून ठेवले. युद्धसंग्रहालय म्हणजे माणसांचे संग्रहालय, हे त्यांना तेव्हाच कळले होते. फक्त आपल्या माणसांपर्यंत ते कळणे पोचले नाही. फ्रान्सच्या खंदकांतून हिंदी शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रांतले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. ते का उरले? पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरने भाषांतर करून फाईलला लावले म्हणून! प्रेमाने कोणी जपले नाही, संशयाने जपले गेले.

इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे झाली. बसऱ्याच्या दगडावर नावे नाहीत हा त्यांचा अपराध. पण आपल्या चावडीच्या दगडावर अजून नावे नाहीत, तो कोणाचा? आणि मुलांना रणगाड्याचे वजन पाठ करायला लावून माणसाचे नाव विचारू न देणारी आपली सहल त्या ‘आणि इतर’च्या पाटीपेक्षा वेगळे काय करते?

माझ्या या म्हणण्याला तीन उत्तरे ठरलेली आहेत. तिन्ही मी पुष्कळदा ऐकली आहेत, म्हणून एकेकाचा समाचार घेतो.

पहिले उत्तर काळजीवाहू पालकांचे. मुले लहान आहेत, त्यांना मरणाच्या गोष्टी कशाला? तोफा पाहू द्या, मजा करू द्या. वा! म्हणजे मारण्याचे साधन पाहायला मूल मोठे झाले, आणि त्या साधनाने काय होते हे कळायला मात्र लहान राहिले! मग त्याच्या मनात युद्धाचे चित्र कोणते उरेल? चकचकीत पोलादाचे. आपले पूर्वज एवढे भित्रे नव्हते. गावोगावच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत मरून पडलेला वीर, मधल्या चौकटीत लढाई, वरती त्याला नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगापुढे हात जोडलेला तो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत. हे दगड कोणी कपाटात कुलूप लावून ठेवले नव्हते. गुरे वळणारी पोरे त्यांच्या सावलीत बसून भाकर खात होती आणि खालच्या चौकटीतला मेलेला माणूस त्यांना दिसत होता. महाभारत सांगणाऱ्यांनीही अठरा दिवसांचे युद्ध संपले म्हणून पोथी मिटली नाही. पुढे स्त्रीपर्व आहे, रणांगणावर आपापली माणसे शोधणाऱ्या बायका आहेत. त्या पर्वाशिवाय जे महाभारत सांगतात ते मुलांना अर्धेच सांगतात.

जपानी लोकांनी हिरोशिमाच्या संग्रहालयात काय ठेवले आहे? अणुबाँबची माहिती आहे, पण मुलांची पावले थबकतात ती एका तीनचाकी सायकलीपाशी. तीन वर्षांचा मुलगा ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तिच्यावर खेळत होता. बापाने ती त्याच्याबरोबर अंगणात पुरली आणि पुढे कित्येक वर्षांनी काढून संग्रहालयाला दिली. एका शाळकरी मुलाचा जळून कोळसा झालेला जेवणाचा डबाही तिथे आहे. जपानी शाळांच्या सहली वर्षानुवर्षे तिथे येतात. ती मुले घाबरून वेडी झाली नाहीत. हिरोशिमाचेही सगळेच गोमटे आहे असे मी म्हणत नाही. जपानच्या फौजांनी चीनमध्ये, कोरियात, ब्रह्मदेशात काय केले, हिरोशिमा स्वतः केवढे लष्करी ठाणे होते, याबद्दल ते संग्रहालय पुष्कळ काळ फारसे बोलत नव्हते. त्याच बाँबने मेलेल्या कोरियन लोकांचे स्मारक १९७० साली उभारले ते शांतिउद्यानाच्या बाहेर. आत यायला त्याला १९९९ साल उजाडावे लागले. म्हणजे मेलेल्यांतही ‘आपले’ आणि ‘इतर’ असतात, हा रोग एकट्या इंग्रजांचा नाही. मुलांनी संग्रहालयात जाताना हाही प्रश्न खिशात घेऊन जावा: इथे काय ठेवले आहे, आणि काय ठेवलेले नाही?

दुसरे उत्तर देशाभिमान्यांचे. मरणाबिरणाच्या गोष्टी केल्या तर मुलांचे शौर्य मावळेल, म्हणतात. मी उलट विचारतो, शौर्य म्हणजे काय हे मुलांना कळले आहे का? अहिल्यानगरला चिलखती दलाचे रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे. देशोदेशीचे सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे उभ्या आहेत. मुलांनी ते जरूर पाहावे. पण सेंच्युरियन जातीच्या रणगाड्यापुढे उभे करून त्यांना अरुण खेतरपाल सांगावा. १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात जन्मलेला, खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेला हा मुलगा पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट होता. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्याच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पड, असा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे म्हणून त्याने तो मानला नाही, आणि लढता लढता तो गेला. वय २१. परमवीरचक्र मिळवणाऱ्या या मुलाचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. पण सेंच्युरियनमध्ये चौघे बसतात. प्रयाग सिंग, नथू सिंग, नंद सिंग हे त्याचे तीन सोबती किती जणांना ठाऊक आहेत?

गोष्ट इथे संपत नाही. २००१ साली अरुणचे वृद्ध वडील, निवृत्त ब्रिगेडियर मदनलाल खेतरपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी ते उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी शेवटी त्यांना सांगितले की, तुमचा मुलगा माझ्याच हातून पडला. यजमानाने ते सांगितले आणि बापाने ते ऐकून घेतले. ही हकीकत वर्तमानपत्रांतून आली, सर्वांना माहीत झाली; पण शाळेच्या सहलीत ती कोणी सांगितल्याचे मी ऐकले नाही. ती ऐकून मुलाचे शौर्य मावळेल? मला वाटते, त्या मुलाला प्रथमच कळेल की शौर्याला वजन असते, आणि ते टनांत मोजत नाहीत. शत्रूलाही नाव असते, तोंड असते, घर असते, आणि हे माहीत असूनही आपल्या जागी उभे राहणारा शिपाई खरा शूर. घोषणा देणे त्यामानाने फार सोपे.

दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांविषयी हीच मंडळी आणखी एक नाक मुरडतात. ते इंग्रजांसाठी लढले, पगारी होते, त्यांचे स्मरण कशाला? मी म्हणतो, हाच प्रश्न मुलांपुढे टाका आणि बाजूला व्हा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकटा मशीनगनवर चालून गेला आणि बावीसाव्या वर्षी मेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून आपल्या जखमी सोबत्यांना वाहून सुरक्षित जागी पोचवून आला. त्याच सुमारास दुसरे हिंदी शिपाई आझाद हिंद सेनेत त्याच इंग्रजांविरुद्ध लढत होते. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात खलाशांनी बंड केले. हे सारे एकाच पिढीचे, पुष्कळदा एकाच जिल्ह्याचे लोक. कोण कशासाठी गेला? दुष्काळ होता म्हणून, जमिनीचा तुकडा पुरत नव्हता म्हणून, बाप पलटणीत होता म्हणून, की मनात काही पेटले म्हणून? बारा वर्षांच्या मुलाला हा विचार झेपतो. न झेपणारे असतात ते त्याचे वडीलधारे, कारण त्यांना इतिहास म्हणजे बक्षीससमारंभ हवा असतो. इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली घाडग्यांच्या नावे एक छायायंत्र उभारले. परक्या मुलखातल्या गावाला त्यांची आठवण धरावीशी वाटली. रायगड जिल्ह्यातल्या किती शाळांनी पळसगाव पाहिले आहे?

तिसरे उत्तर व्यवहारी मुख्याध्यापकांचे. तुमचे म्हणणे खरे, पण वेळ कुठे आहे, पैसा कुठे आहे? हे उत्तर मला सर्वांत जास्त आवडते, कारण ते सर्वांत सहज खोडता येते. यासाठी लांब जावेच लागत नाही. पुण्याच्या शाळांनी खडकीच्या युद्धसमाधिस्थळात जावे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेंहून अधिक सैनिकांच्या समाध्या तिथे ओळीने आहेत. प्रत्येक दगडावर नाव, पलटण, वय पाहावे. एकोणीस, वीस, तेवीस. आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांचीही नोंद तिथे आहे. आफ्रिकेचा माणूस पुण्यात कसा आला आणि पुण्याचा माणूस इराकमध्ये कसा गेला, या दोन प्रश्नांत साम्राज्य म्हणजे काय याचा अख्खा धडा आहे. मुंबईच्या मुलांना गोदीकडे न्यावे. १४ एप्रिल १९४४ रोजी दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेले ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज तिथे फुटले, शेकडो माणसे मेली, आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, नळी होती. देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो याचसाठी, हे किती मुलांना माहीत आहे? कोल्हापूरकरांना वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात घरदार हरवलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांत पुष्कळ बायका आणि मुले, तिथे राहिले. युद्धाच्या इतिहासात आसरा देणाऱ्यांचाही एक अध्याय असतो, आणि तो आपल्या पंचगंगेकाठच्या मातीत लिहिला गेला आहे.

आता माझे मागणे काय ते सांगून टाकतो. संग्रहालये बंद करा असे मी म्हणत नाही, रणगाडे वितळवा असेही नाही. सहलीचे वेळापत्रक तेवढे उलटे करा. सहलीआधी एक महिना प्रत्येक मुलाला एकेक नाव द्या. एका मुलाला एक माणूस. आपल्या गावचा, तालुक्याचा, नाहीच मिळाला तर जिल्ह्याचा. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आज कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. पुष्कळ हिंदी सैनिकांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. मुलाने ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. गावात त्याचे कोणी उरले आहे का, ते विचारत फिरावे. एखाद्या घरी पदक निघेल, एखाद्या घरी पेन्शनचा कागद, एखाद्या आजीला तिच्या आजीने सांगितलेली मनिऑर्डरची गोष्ट आठवेल. आणि मग ते मूल संग्रहालयात जाऊ दे. तोफेपुढे उभे राहून ते वजन विचारणार नाही. माझा माणूस यातल्या कशाने मेला, असे विचारील. तिथला मार्गदर्शक बुचकळ्यात पडेल. पडू दे. असे पन्नास मुलांनी पन्नास वेळा विचारले की संग्रहालयातल्या पाट्याही बदलतील. अधिकाऱ्यांच्या परिपत्रकाने ज्या बदलत नाहीत त्या पोरांच्या प्रश्नांनी बदलतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे मागणे चावडीच्या दगडाचे. ज्या ज्या गावात ती दोन आकड्यांची पाटी आहे, तिथल्या शाळेने पाच वर्षांत त्या आकड्यामागची नावे शोधावीत आणि पाटीशेजारी साध्या फळ्यावर लिहावीत. सगळी सापडणार नाहीत. जेवढी सापडतील तेवढी लिहावीत आणि उरलेल्यांसाठी जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागाही मुलांना पुष्कळ शिकवील.

तिसरे मागणे घरच्यांकडे, म्हणजे हा अंक हातात घेऊन बसलेल्या तुमच्याकडे. आपल्या घरात, सासरी-माहेरी, कोणी पलटणीत होते का, हे या दिवाळीत वडीलधाऱ्यांना विचारा. ट्रंकेच्या तळाशी एखादा पितळी बिल्ला असेल, त्याला चिंच लावून उजळा आणि मुलाच्या हातावर ठेवा. तो कोणाचा होता ते पूर्ण नावानिशी सांगा. बापाच्या नावासकट, गावासकट. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि मुलाला शोधायला लावा. शाळा सुधारायला वेळ लागेल. आपल्या ट्रंका उघडायला लागणार नाही.

जी शाळा मुलांना तोफेचे नाव पाठ करायला लावते आणि शिपायाचे नाव विचारू देत नाही, ती पुढच्या युद्धासाठी ‘आणि इतर’ तयार करीत आहे. उद्या त्या रकान्यात आपलीच मुले मोजली जातील, आणि तेव्हा दगड कोरणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.